वन्यजीव छायाचित्रण

मुक्तपणे वावरणाऱ्या वन्य पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची त्यांच्या नैसर्गिक अधिवासात, त्यांच्या दिनक्रमात व्यत्यय न आणता छायाचित्रे घेण्याच्या कलेस व तंत्रास वन्यजीव छायाचित्रण असे म्हणतात. प्राणिसंग्रहालयातील, पिंजऱ्यातील किंवा माणसाळविलेल्या प्राण्यांची छायाचित्रे सामान्यतः या संज्ञेत समाविष्ट करीत नाहीत. छायाचित्रणाच्या अन्य शाखांमध्ये प्रकाश, पार्श्वभूमी व विषयवस्तूची मांडणी बऱ्याच अंशी छायाचित्रकाच्या हाती असते. येथे यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. शिवाय माणूस जवळ आल्याचे जाणवताच वन्य प्राणी एकतर पळून जातो किंवा त्याचे वर्तन बदलते. म्हणून प्राण्यास नकळत, पुरेशा मोठ्या आकाराची व सुस्पष्ट प्रतिमा मिळविणे हा या शाखेतील मूलभूत प्रश्न होय. तिच्या साधनांचा, तंत्रांचा आणि आचारनियमांचाही विकास याच प्रश्नाच्या अनुषंगाने झालेला आहे.

असे छायाचित्रण दूरच्या अरण्यातच करता येते, ही समजूत बरोबर नाही. नदीकाठ, जुनी झाडी, माळराने व तलाव यांमुळे मोठ्या शहरांतही त्यास भरपूर वाव असतो. पुणे शहराच्या उत्तर भागातील, मुळा नदीच्या काठी वसलेला खडकी परिसर हे त्याचे चांगले उदाहरण असून प्रस्तुत नोंदीत तंत्राच्या स्पष्टीकरणासाठी मुख्यतः त्याच परिसरातील उदाहरणे घेतली आहेत.

ऐतिहासिक आढावा : छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात संवेदनशील काचांना दीर्घ उद्भासन लागत असे. त्यामुळे हालणाऱ्या प्राण्याचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात अधिक संवेदनक्षम कोरड्या काचा प्रचारात आल्यावर परिस्थिती पालटली. इंग्लंडमधील रिचर्ड कर्टन (१८६२–१९२८) व चेरी कर्टन (१८७१–१९४०) या बंधूंनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेऊन या क्षेत्रात पदार्पण केले. पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून त्यात लपून छायाचित्रे घेतली. अमेरिकेत जॉर्ज शिरास (१८५९–१९४२) यांनी रात्री नावेतून जाऊन, तसेच वाटेवर तार आडवी बांधून हरणांची छायाचित्रे घेतली. तारेस प्राण्याचा धक्का लागताच प्रकाशाचा लोळ उठे व उद्भासन होई. त्यांची ७४ छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाली.

भारतात या कलेचा आरंभ वनाधिकारी, सैनिकी अधिकारी व रेल्वे अधिकारी यांच्या छंदातून झाला. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन (१८९३–१९७०) यांनी तारेच्या पद्धतीने जंगलवाटांवरील वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली व ती १९२७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वनात जावे, असा त्यांचा आग्रह होता. आर. एस. पी. बेट्स व ई. एच. एन. लोथर यांनी भारतीय पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा पाया घातला. काश्मीरमधील विणीच्या पक्ष्यांविषयीचे त्या दोघांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो (१९१५–६४) यांनी सालिम अली यांच्या सहवासात भारतीय पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. चेन्नईचे मा. कृष्णन् (१९१२–९६) यांची हत्ती, गवा आदी प्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे प्राणिवर्तनाच्या नोंदी म्हणूनही मोलाची ठरली.

अंतर व प्रतिमेचा आकार : भिंगाचे केंद्रांतर आणि विषयवस्तूचे अंतर यांच्या गुणोत्तरावर प्रतिमेचा आकार अवलंबून असतो. खडकी येथे मुळेच्या काठी सहज दिसणाऱ्या पांढऱ्या छातीच्या खंड्याची लांबी सु. २८ सेंमी. असते. तो २० मी. अंतरावर बसलेला असताना ५०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने घेतलेली त्याची प्रतिमा सु. ७ मिमी. भरते. चित्रचौकटीची रुंदी ३६ मिमी. धरल्यास ती चौकटीचा सु. एकपंचमांश भाग व्यापते. हीच प्रतिमा ५० मिमी. केंद्रांतराच्या साध्या भिंगाने मिळवावयाची तर पक्ष्यापासून २ मी. अंतरावर जावे लागेल आणि तेवढ्या अंतरावर खंड्या थांबणार नाही. दूरछायाचित्रणाचे, म्हणजे टेलिफोटो भिंग हे या दृष्टीने केवळ मोठी प्रतिमा देणारे साधन नसून प्राण्यापासून दूर राहण्याचे साधन आहे.

या सोयीबरोबर काही अडचणीही येतात. केंद्रांतर वाढले की हाताच्या कंपाने प्रतिमा पुसट होण्याचा संभव वाढतो. भिंग हातात धरले असता उद्भासनकाल केंद्रांतराच्या आकड्याच्या व्यस्तांकाहून, म्हणजे ५०० मिमी. भिंगासाठी १/५०० सेकंदाहून अधिक नसावा, असा एक व्यावहारिक संकेत आहे. कंपनिवारक भिंगांमुळे तो काहीसा शिथिल झाला असला, तरी हलणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ही सोय उपयोगी पडत नाही. उडत्या पक्ष्यासाठी १/२,००० सेकंद किंवा त्याहून कमी काळ लागतो. क्षेत्रखोलीही अल्प असते. वरील उदाहरणात भिंगाचे छिद्र एफ/५·६ ठेवल्यास सु. अर्धा मीटर जाडीचा थरच सुस्पष्ट येतो. अशा वेळी डोळ्यावर केंद्रीकरण साधणे आवश्यक असते. डोळा पुसट असल्यास इतर अवयव कितीही स्पष्ट असले, तरी चित्र निर्जीव वाटते.

साधने : पूर्वी या कामासाठी फिल्मचा कॅमेरा वापरीत व एका गुंडाळीवर ३६ चित्रे मिळत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंकीय कॅमेऱ्यांनी फिल्मची जागा घेतली. त्यामुळे चित्र तत्काळ पाहता येऊ लागले, मंद प्रकाशात काम करणे सुलभ झाले आणि चित्रासोबत दिनांक व वेळ यांची आपोआप नोंद होऊ लागली. आरसाविरहित कॅमेरे आवाज न करता चित्र घेऊ शकतात. घरट्याजवळ किंवा लपणातून काम करताना हा गुण महत्त्वाचा ठरतो. कॅमेऱ्याखेरीज दुर्बीण, टोपणवही, भक्कम तिपाई किंवा वाहनाच्या खिडकीवर ठेवावयाची वाळूची पिशवी आणि मातकट अथवा हिरवट रंगाचे कपडे एवढ्या वस्तू पुरेशा होतात.

लपण : प्राण्याजवळ जाण्यापेक्षा त्याच्या नित्याच्या जागी अगोदर जाऊन स्थिर बसणे अधिक फलदायी असते. खंड्याची मासे टिपण्याची फांदी, धोब्याची चिखलातील फेरी, मुंगसाची कुंपणाखालील वाट या जागा काही दिवसांच्या निरीक्षणाने कळतात. तेथे कापडाचे किंवा पालापाचोळ्याचे लपण उभारून पहाटे प्राणी येण्यापूर्वी त्यात बसतात. मोटारगाडी हेही एक उत्तम लपण होय. पायी चालणाऱ्या माणसास बिचकणारे पक्षी थांबलेल्या वाहनास बरेचदा जुमानत नाहीत. उघड्यावर पुढे सरकावयाचे झाल्यास सरळ रेषेत न जाता तिरपे, थांबत थांबत व वाकून जातात. पक्ष्याने मान उंचावली, चरणे थांबविले किंवा इशाऱ्याचा आवाज काढला, तर तेथेच थांबणे व आवश्यक तर मागे येणे इष्ट असते.

खडकी परिसर : खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) येथे लष्करी छावणी वसली. छावणीच्या भूमीवर बांधकाम मर्यादित राहिल्याने वड, पिंपळ, चिंच व पर्जन्यवृक्ष यांची जुनी झाडे बऱ्याच प्रमाणात टिकून राहिली. दापोडीजवळ पवना नदी मुळेस मिळते. तेथून नदी खडकीला वळसा घालून संगमावर मुठेस मिळते. नैर्ऋत्येस गणेशखिंडीची झाडी व विद्यापीठाचा परिसर आहे. नदी, वृक्षराजी व टेकडी असे तीन प्रकारचे अधिवास थोड्या अंतरात मिळत असल्याने येथील पक्षिजीवनात विविधता आढळते.

नदीपात्रात ढोकरी, राखी बगळा, पाणकावळा, हळदीकुंकू बदक, शेकाट्या, टिटवी व जांभळी पाणकोंबडी हे पक्षी दिसतात. ऑक्टोबर ते मार्च या काळात धोबी, तुतवार यांसारखे स्थलांतरित पक्षी येतात. झाडीत तांबट, हळद्या, दयाळ, नाचण, शिंजीर, पिंगळा, शिक्रा व राखी धनेश आढळतात. सस्तन प्राण्यांपैकी खार, मुंगूस व मोठी वटवाघळे यांच्या छायाचित्रणास येथे चांगली संधी मिळते.

सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास हा छायाचित्रणास सर्वांत अनुकूल काळ होय. तेव्हा प्रकाश तिरपा व सौम्य असतो आणि पक्षीही चरत असतात. सूर्य छायाचित्रकाच्या पाठीशी असावा, हा सामान्य नियम आहे. डिसेंबर–जानेवारीत पहाटे नदीवर धुके असते. ते विरळ होत असतानाचा प्रकाश पक्ष्यांच्या छायाकृतींस पोषक ठरतो. काळसर पाण्याच्या पार्श्वभूमीवर पांढरा बगळा घेताना कॅमेऱ्यातील मापक फसतो व पिसांचा तपशील नाहीसा होतो. म्हणून उद्भासन कमी करावे लागते. याउलट उजळ आकाशावर कोतवाल घेताना ते वाढवावे लागते. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी फडफडत राहून मग सूर मारतो. हे काही क्षणांचे स्थैर्य हीच त्याच्या चित्राची संधी असते आणि ती ओळखण्यासाठी यंत्राहून पक्ष्याच्या सवयींचे ज्ञान अधिक उपयोगी पडते.

या परिसरात लष्करी संस्था व संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. प्रतिबंधित ठिकाणांची छायाचित्रे घेण्यास शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये मनाई आहे. टेलिफोटो भिंग घेऊन हिंडणाऱ्यास या बाबीची जाणीव असणे आवश्यक असून ड्रोनचा वापर येथे टाळणे श्रेयस्कर. ड्रोनच्या घरघरीने पक्ष्यांचे थवे उठतात, हेही त्याचे एक कारण होय.

सापळा कॅमेरा : निशाचर व लाजाळू प्राण्यांसाठी छायाचित्रकाच्या अनुपस्थितीत चालणारा कॅमेरा वापरतात. शिरास व चॅम्पियन यांच्या तारेची जागा आता अवरक्त संवेदकाने घेतली आहे. उष्ण रक्ताचा प्राणी समोरून जाताच कॅमेरा आपोआप चालतो. मुंबईतील आरे परिसरात वस्तीच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांचे छायाचित्र अशाच पद्धतीने घेतलेले आहे. लंडन येथील ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०१६ मध्ये शहरी वन्यजीव विभागाचे पारितोषिक त्यास मिळाले.

प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना भिन्न असल्याने सापळा कॅमेऱ्याच्या चित्रांवरून वाघ वैयक्तिक रीत्या ओळखता येतात. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी या तत्त्वावर केलेल्या संख्यामापनाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून मिळालेल्या ३·४८ कोटींहून अधिक छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची व ५१,७७७ बिबट्यांची होती. अंदाजित २,९६७ वाघांपैकी २,४६१ वाघ छायाचित्रांवरून प्रत्यक्ष ओळखण्यात आले.

घरट्यांचे छायाचित्रण : या शाखेचा आरंभ घरट्यांच्या चित्रांपासून झाला. पक्षी घरट्याकडे हमखास परततो, त्यामुळे अवजड कॅमेऱ्याच्या काळात ती एकच खात्रीची जागा होती. दूरवरून काम करणारी भिंगे उपलब्ध झाल्यावर ही गरज उरली नाही. घरट्याजवळील उपस्थितीने होणारी हानी मात्र आता अधिक चांगली समजली आहे. टिटवीचे उदाहरण उद्बोधक आहे. ती नदीकाठच्या खडीवर किंवा माळावर उघड्यावर अंडी घालते. उन्हाळ्यात भर दुपारी तिचे काम अंडी उबविण्याचे नसून त्यांचे उन्हापासून रक्षण करण्याचे असते. त्यासाठी ती अंड्यांवर सावली धरते व पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंड्यांना गारवा देते. छायाचित्रक जवळ उभा राहिल्यास ती दूर जाऊन ओरडत राहते. तेवढ्या वेळात तापलेल्या खडीवरील अंड्यांतील जीव मरू शकतो किंवा तिच्या आरडाओरड्याने सावध झालेला कावळा अंडी पळवितो. छायाचित्रकास याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या दृष्टीने ती केवळ ओरडणाऱ्या टिटवीची चांगली छायाचित्रे असतात.

झाडावरील घरट्यांच्या बाबतीत चित्रास अडथळा ठरणारी डहाळी तोडणे किंवा बाजूला बांधणे हा प्रकार असाच घातक आहे. त्या डहाळीमुळे घरटे ऊन व शत्रू यांच्यापासून झाकलेले असते. या कारणांसाठी अनेक नियतकालिके व स्पर्धा आता घरट्यांची छायाचित्रे स्वीकारीत नाहीत. ध्वनिमुद्रित आवाज वारंवार ऐकवून पक्ष्यास बोलावणे, आमिष दाखविणे, घुबडांवर जवळून प्रखर प्रकाश टाकणे या गोष्टीही निषिद्ध मानल्या जातात. पिंगळ्याची ढोली किंवा घुबडाची बसण्याची जागा चित्रासोबत जाहीर केल्यास तेथे गर्दी होते व चोरट्या शिकाऱ्यांनाही माहिती मिळते. म्हणून अशा चित्रांसोबत स्थळाचा ढोबळ उल्लेखच करतात.

कायदेशीर तरतुदी : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावण्याचाही समावेश आहे. म्हणजे घरट्याशी केलेली ढवळाढवळ कायद्याच्या दृष्टीने शिकारीच्या व्याख्येत येऊ शकते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा झाल्यास कलम २८ अन्वये परवाना लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने, अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता करावयाचे छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती, अशी या कलमातील तरतुदीची शब्दरचना करण्यात आली.

व्याघ्रपर्यटन वाढल्यापासून या प्रश्नास नवे परिमाण प्राप्त झाले आहे. विदर्भातील उमरेड–पवनी–करांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीचा व तिच्या बछड्यांचा मार्ग अडविल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या घटनेची स्वतःहून दखल घेतली. वाघ पाहण्यासाठी व त्याचे चित्र घेण्यासाठी जमलेल्या गर्दीमुळेच तो आपल्या वाटेने जाऊ शकत नाही, ही विसंगती या प्रसंगाने लोकांपुढे आणली.

छायाचित्राची सत्यता : वन्यजीव छायाचित्र हे पुरावा म्हणून वापरले जात असल्याने त्याची सत्यता महत्त्वाची असते. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या स्पर्धेतील २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळविणारे लांडग्याचे छायाचित्र, तो लांडगा बहुधा माणसाळविलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढल्यानंतर, २०१० मध्ये अपात्र ठरविण्यात आले. प्रकाशाची किंवा चौकटीची मर्यादित सुधारणा सामान्यतः मान्य असते. चित्रात नसलेली वस्तू घालणे किंवा असलेली काढून टाकणे मान्य नसते. संगणकाच्या साहाय्याने अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचेही हुबेहूब चित्र तयार करता येऊ लागल्यापासून मूळ चित्रधारिका जपून ठेवणे अधिकच आवश्यक झाले आहे. बंदिस्त प्राण्याचे चित्र असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करणे हा सर्वमान्य संकेत आहे.

उपयोग : स्थळ, दिनांक व वेळ यांची नोंद असलेले छायाचित्र कालांतराने अभ्यासाचे साधन बनते. पुण्यातील प्रकाश गोळे यांचा प्रदूषित नदीवरील पक्ष्यांविषयीचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या सांडपाण्याने नदीतील पक्ष्यांची रचनाच बदलू शकते. उथळ गढूळ पाण्यात चोच खुपसून किडे वेचणाऱ्या शेकाट्यास असे पाणी चालते. पाण्यात दिसणाऱ्या माशावर सूर मारणाऱ्या धीवरास मात्र स्वच्छ पाणी लागते. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला गेला, तर त्याची शिकारीची जागाच नाहीशी होते. नदीच्या एकाच वळणावरून दरवर्षी त्याच महिन्यात घेतलेली साधी छायाचित्रेही असा बदल दाखवू शकतात. पुण्यातील मुळा, मुठा व मुळा–मुठा नद्यांच्या सु. ४४ किमी. लांबीच्या काठांच्या विकसनाच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. काठांचे स्वरूप पालटत असताना तेथे कोणते पक्षी वावरत होते, कोठे बसत व काय खात, याच्या पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व प्राप्त होते.

अशा नोंदीसाठी दुर्मिळ पक्षी किंवा अत्यंत महाग भिंग आवश्यक नसते. ढोकरी, टिटवी, खंड्या यांसारख्या नित्याच्या पक्ष्यांची, त्यांच्या सभोवतालच्या पाण्यासह व काठासह घेतलेली चित्रे या कामी जवळून टिपलेल्या देखण्या व्यक्तिचित्रांहून अधिक उपयुक्त ठरतात. पक्षी तेथे निर्वेधपणे वावरत असतानाच त्यांचे मोल राहते. पक्ष्यास हुसकून मिळविलेले चित्र त्या जागेविषयी काहीच खरे सांगत नाही. म्हणूनच प्राण्यास व्यत्यय न आणण्याचा नियम हा या शाखेत केवळ सदाचाराचा नव्हे, तर तिच्या तंत्राचाही पहिला नियम मानला जातो.